तीन दिवसांची सरासरी

डार्विन, सोमवार, २१ जुलै २०२५

ताई,

हे पत्र पोस्टाने आलं म्हणून दचकू नकोस. तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं आहेस, फोन उचलत नाहीस आणि ईमेल उघडत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, असं शैलेंद्र भावोजी म्हणाले. (ते म्हणाले हे तुला सांगायचं नव्हतं. पण पेनाने लिहून झालं आहे, खोडलं तर जास्त वाईट दिसेल.)

आधी कामाचं. आईचं वर्षश्राद्ध तिथीने ३ नोव्हेंबरला, सोमवारी येतं. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते, म्हणजे भावोजींना एकच रजा टाकावी लागेल. गुरुजी ब्रिस्बेनहून व्हिडिओवर सांगतील. इथे एक मराठी गुरुजी आहेत, पण ते गॅस प्लँटवर सेफ्टी इंजिनियर आहेत आणि त्या दिवशी त्यांची शिफ्ट आहे.

तू यावंस. आपण दोघंच उरलो आहोत. तू आली नाहीस तर मी एकटा करीन, पण ते नुसतं उरकल्यासारखं होईल.

गेल्या नोव्हेंबरबद्दल तुझा राग आहे, तो मला मान्य आहे. पण प्रकृती स्थिर असल्याचं हॉस्पिटलने सांगितलं होतं. त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं.

मी बरा आहे. ऑफिसात काम आहे. आमच्या भागातून एक खनिज परदेशी जातं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ते गोपनीय आहे आणि तुझ्या शेजारणीचा भाऊ शेअर घेतो. आपण त्याला क्ष म्हणू. क्षचा भाव चार महिन्यांत दुप्पट झाला. त्यावरची रॉयल्टी सरकारला मिळते, त्यामुळे मंत्री खूश आहेत. त्यांना वीजबिलात कायमची सवलत द्यायची आहे आणि पोहण्याचा एक तलाव बांधायचा आहे, ज्याचं पाणी यंत्राने गार केलेलं असेल. इथल्या समुद्रात मगरी असतात आणि साध्या तलावाचं पाणी नोव्हेंबरात चहाइतकं गरम होतं, तेव्हा मागणी अगदीच वेडी नाही.

मला टिपण लिहायचं आहे: ही भाववाढ तात्पुरती की कायमची? बावीस वर्षं मी याच एका प्रश्नावर पगार घेतो आहे. उत्तरही दर वेळी एकच दिलं आहे, तात्पुरती. भाव चढला तर नाचायचं नाही, पडला तर रडायचं नाही, तीन महिन्यांची सरासरी बघायची. खनिजं विकून जगणारे जे देश शहाणे म्हणवतात, ते साधारण हेच करतात.

उत्तर पाठव. तिकिटं महाग होतील.

पद्माकर


डार्विन, शनिवार, ९ ऑगस्ट

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे झोपलेला कोआला, मागे 'येणार नाही' एवढे दोनच शब्द. कोआलावरून मी काही अर्थ काढत नाही.

भावोजींचा निरोप आला, की तू माझं पत्र दोनदा वाचलंस, दुसऱ्यांदा उभ्याने. मग म्हणालीस, "शर्यतीची सुट्टी बरी लक्षात राहते याच्या!" आणि पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलंस. फेकलं नाहीस, याची नोंद घेतली आहे.

तू तीनदा धावत आलीस, हे मी विसरलेलो नाही. तीनही वेळा चूक माझी होती. सावध माणूस नेहमी वाईटातलं वाईट धरून चालतो, आणि मी घरातही तेच केलं.

पहिल्यांदा, मार्च २०२३. आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली आणि मी तुला फोन केला, "असशील तशी निघ." तू टॉवेलमध्ये गुंडाळलेली गंगाजलाची बाटली छातीशी धरून वॉर्डात शिरलीस. आई उशीला टेकून कस्टर्ड खात होती. नर्स लीनाला कस्टर्डमध्ये वेलची का हवी ते समजावत होती.

"अगंबाई, चित्रा!" आई म्हणाली. "काय झालं? सगळं ठीक ना तुमच्याकडे?"

तू टॉवेल बाटलीवर पुढे ओढलास. मग आईचं लक्ष बाटलीकडे गेलं.

"आणलंच आहेस तर देवाजवळ ठेव. वाया नाही जायचं."

दुसऱ्यांदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, न्यूमोनिया. त्या वेळी भावोजी काळा सूट घेऊन आले होते. सूट पिशवीतून डोकावत होता. आई म्हणाली, "कापड छान आहे हो जावईबापू. कुणाचं लग्न?"

तिसऱ्यांदा, गेल्या वर्षीचा ईस्टर. आईला चार दिवस ताप होता आणि मी घाबरलो. तू लेकीच्या, नुपूरच्या, नव्या घराची वास्तुशांत अर्धी टाकून विमानात बसलीस. टॅक्सीतून उतरलीस तेव्हा आई हातात पिशवी घेऊन दारात उभी होती, रॅपिड क्रीकच्या रविवारच्या बाजाराला निघालेली.

"पुन्हा?" आई म्हणाली. "तुला घरी काही काम नसतं का गं?"

परत जाताना विमानतळावर तू मला म्हणालीस, "पद्या, तुझ्या ऑफिसात असले अंदाज चालतात? सरकार कसं टिकलं? आता पक्कं असल्याशिवाय मला फोन करायचा नाही. पक्कं म्हणजे पक्कं!"

मी "बरं" म्हणालो. मी सरकारी माणूस आहे. आलेली सूचना फाइलला लावतो.

नोव्हेंबरात मी फोन का केला नाही, त्याचं कारण एवढंच. तारखेचा विचार कर.

पद्माकर


डार्विन, शनिवार, ३० ऑगस्ट

ताई,

माझं पहिलं पत्र परत आलं. त्यावर तू तांबड्या पेनाने खुणा केल्या आहेस. चौतीस वर्षं शाळेत शिकवल्याची सवय आहे, मी मनावर घेत नाही. 'हॉस्पिटलने सांगितलं होतं' याच्याखाली दोन रेघा आहेत आणि समासात लिहिलं आहेस: 'कोणी? नाव लिही. शून्य गुण.'

त्याविषयी मी सविस्तर लिहीन. या आठवड्यात वेळ नाही.

मंत्र्यांच्या सल्लागाराबरोबर बैठक झाली. सल्लागार तिशीचा आहे आणि मोजे घालत नाही. तो म्हणाला, "नॉर्वेने तेलाचा पैसा साठवला, आपण खनिजाच्या पैशातून तलाव बांधू. प्रिन्सिपल सेमच आहे, मेट." माझा साहेब गॅरी खिडकीबाहेर बघत राहिला. आमच्याकडे धम्मदीप म्हणून एक नागपूरचा मुलगा आहे, पॅरामॅटाच्या एका बँकेतून इथे आला. बैठकीत तो मला पद्माकर म्हणतो आणि लिफ्टमध्ये काका. लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, नॉर्वेत तलाव बांधावा नाही लागत. पाणी आधीच गार असते ना!"

आई असती तर तिला हे आवडलं असतं. तुला बहुतेक माहीत नाही, पण रोज चहाला ती मला विचारायची, "आज लोखंडाचं काय?" कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं. मी सांगायचो. भाव चढलेला असला की ती म्हणायची, "चढू दे. तुम्ही लगेच सोफा घेऊ नका." सरकारला उद्देशून म्हणायची.

एकदा मी तिला सांगितलं, की चिलीमध्ये तांब्याचा पुढच्या दहा वर्षांचा भाव काय धरायचा हे ठरवायला तज्ज्ञांची समिती असते. आई म्हणाली, "आणि सगळ्यांचं एकमत होतं?" मी म्हटलं, नाही, प्रत्येकाचे आकडे घेऊन सरासरी काढतात. ती म्हणाली, "म्हणजे कुणालाच माहीत नाही. मग चहा तरी चांगला देत असतील."

तिची सर्वांत आवडती गोष्ट नाउरूची. एवढंसं बेट, फॉस्फेट विकून एके काळी जगातल्या श्रीमंतांत जाऊन बसलं, आणि त्या पैशातून त्यांनी लंडनमध्ये एक संगीत नाटक काढलं. ते पडलं. ही गोष्ट आईने माझ्याकडून निदान दहा वेळा सांगून घेतली. दर वेळी शेवटी विचारायची, "पण गाणी बरी होती का?"

स्वतःचं धोरण मात्र तिने कधी बदललं नाही. इथे ऑक्टोबरात आंबे स्वस्त झाले, की बाजारातल्या व्हिएतनामी बाईंशी घासाघीस करून दोन पेट्या घ्यायच्या, साखरांबा घालायचा आणि मार्चपर्यंत पुरवायचा. बाईंना मराठी येत नव्हतं, आईला व्हिएतनामी येत नव्हतं, तरी दोघींचं भांडण वीस मिनिटं चालायचं. आई गेल्यावर मी बाजारात गेलो तेव्हा त्या बाईंनी माझ्यामागे बघितलं, मग मला बघितलं, आणि आंब्यांचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला. त्यांनी नोट माझ्या पिशवीत परत टाकली. ते आंबे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटले.

ताई, ३ तारखेचं बघ.

पद्माकर


डार्विन, शनिवार, २० सप्टेंबर

ताई,

पत्रावरची तुझी दुसरी टिप्पणी मिळाली. 'सविस्तर कधी? पुढच्या जन्मी?' ठीक आहे.

त्याआधी ऑफिसात घडलेलं सांगतो, कारण त्याशिवाय मी हे लिहायला बसलो नसतो. क्षच्या भावांसाठी मी एक वही ठेवतो. धम्मदीपला जुने आकडे हवे होते, मी वही त्याला दिली. थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाशी आला.

"काका, हे 'पेज' कुठल्या खाणीतून निघते?"

"कुठलं?"

"हे बघा ना. सोमवार नऊ, मंगळवार आठ, बुधवार एक. सरासरी सहा. युनिट चमचे लिहिलं आहे. चमच्याने कोणतं खनिज मोजतात?"

मी वही मिटली. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. तो कॉफी आणायला गेला आणि दोन घेऊन आला. वहीबद्दल पुन्हा बोलला नाही. फक्त म्हणाला, "माझे बाबा गेले तेव्हा मी शुक्रवारच्या तिकिटासाठी थांबलो होतो. एक स्टॉप होता, पण स्वस्त होतं." मग त्याने विषय बदलून मंत्र्यांच्या तलावावर आणला.

आता तुला हवं ते नाव. हॉस्पिटलने 'स्थिर' असं कधीच सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं होतं.

ईस्टरनंतर तू पक्कं म्हणालीस. पक्कं कशाला म्हणायचं हे मला कळेना, म्हणून मी नियम केला. आई आजारी पडली की तिच्या पोटात किती चमचे पेज जाते ते मोजायचं आणि तीन दिवसांची सरासरी काढायची. ती पाचाच्या खाली गेली, तरच ताईला फोन. एखादा दिवस वाईट गेला तर घाबरायचं नाही. बावीस वर्षं हेच करत आलो, त्यात मला काही चूक दिसली नाही. उलट थोडा अभिमानच वाटला.

नोव्हेंबरात आई पुन्हा वॉर्डात होती. सोमवारी नऊ चमचे गेले, मंगळवारी आठ. बुधवारी एक.

बुधवारी दुपारी लीना आली. ती मल्याळी आहे, माझ्याशी हिंदीत बोलते. म्हणाली, "दीदी को बुला लीजिए. आज ही."

मी तिला वही दाखवली.

"ये क्या है?"

"ॲव्हरेज."

"किसका?"

"पिछले तीन दिन का. छह है. पाँच के नीचे नहीं गया."

तिने वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिसऱ्यांदा आईकडे. मग माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि खिशात ठेवलं. म्हणाली, "पद्माकरजी, माँ है."

मी तरी फोन केला नाही. मला वाटलं, चौथ्यांदा तुला विनाकारण बोलावलं तर तू पुन्हा कधीच येणार नाहीस. उद्याचा आकडा बघू आणि मग करू. गुरुवारी सकाळी आकडा आला नाही. सकाळच्या चहाची गाडी वॉर्डात यायच्या आधीच आई गेली.

आठावरून एक. तुझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलालाही ते दिसलं असतं. सरासरीत दिसलं नाही. भाव पडला की थांबून बघायला वेळ असतो, पुढचा महिना येतोच. मी तोच वेळ आईलाही आहे असं धरून चाललो.

नोव्हेंबरापासून हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला हॉस्पिटलचं नाव सांगितलं, ते खोटं होतं.

आता तू आली नाहीस तर मला समजेल. तरी लिहितो, ये.

पद्माकर


डार्विन, शनिवार, ११ ऑक्टोबर

ताई,

तुझं चार पानी पत्र मंगळवारी आलं. तांबडं पेन कुठेच नव्हतं, त्यामुळे मी उघडतानाच घाबरलो. ऑफिसात नेलं, वाचलं नाही. बुधवारी नेलं, वाचलं नाही. आज सकाळी वाचलं.

तू लिहिलं आहेस, की मला शिव्या द्यायला तू वर्षभर रोज सकाळी उठत होतीस, पण त्या शिव्या खरं तर तुला स्वतःलाच होत्या. त्या मंगळवारी आईने स्वतः तुला फोन केला होता. "येतेस का चार दिवस?" म्हणाली. आणि तू म्हणालीस, की बुधवारी तुळशीचं लग्न आहे, चाळीस माणसं सांगितली आहेत, पद्याने काही म्हटलेलं नाही म्हणजे तसं काही नसेल, शनिवारी येते. बुधवारी तू चाळीस माणसांना मसालेभात वाढलास. लिहिलं आहेस, की तो उत्तम झाला होता, आणि त्याचाच तुला सगळ्यांत जास्त राग येतो. हे तू भावोजींनाही सांगितलेलं नाहीस.

ताई, मला माहीत होतं.

फोन मीच लावून दिला होता. आईला चष्म्याशिवाय आकडे दिसत नव्हते. लावून दिला आणि मी दाराशी उभा राहिलो. तुझं मला ऐकू आलं नाही, पण आईचं सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "बरं, बरं. मग तुळस सोडून येऊ नकोस. मंगलाष्टकं नीट म्हणायला सांग, मागच्या वर्षी त्या साठ्यांनी गोंधळ घातला होता." मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "शनिवारी येतेय. लिंबाचं सरबत करून ठेव, विमानातून उतरली की तिचं डोकं दुखतं." आणि त्यानंतर आठ चमचे पेज घेतली. ते आठ, त्यातले तीन-चार तरी तुझ्या फोनमुळे गेले असं मी धरतो. ती रागावलेली नव्हती. तिला तू येणार हे पक्कं होतं, तेवढं तिला पुरलं.

हे मी तुला सांगितलं नाही, कारण तुला कुणावर तरी रागवायला हवं होतं आणि मी जवळच होतो. म्हणजे तीन हजार किलोमीटरवर, पण तुझ्या हिशेबाने जवळ. मला ते चाललं असतं. पण तुझं ब्लॉक करणं दहा-अकरा महिने टिकेल, असं मी धरलं नव्हतं.

आता बाकीचं. टिपण दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, की ही भाववाढ तात्पुरती की कायमची हे आम्हाला माहीत नाही. तलाव एकदाच बांधायचा आहे, तो बांधा. वीजबिलाची सवलत कायमची आहे, ती देऊ नका, कारण दिलेलं परत घेताना लोक ऐकत नाहीत. आणि भाव एका महिन्यात एवढा कोसळला, की कुणालाही दिसावा, तर सरासरीची वाट न बघता त्याच आठवड्यात बैठक बोलवा.

गॅरी म्हणाला, "मेट, मंत्र्यांना 'माहीत नाही' असं कसं पाठवायचं?"

धम्मदीप म्हणाला, "बोल्डमध्ये."

तसं पाठवलं. मंत्र्यांनी तलावाला मान्यता दिली आणि उद्घाटनाला स्वतः पहिली उडी मारणार असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी क्षचा भाव पाचव्या हिश्श्याने उतरला. सल्लागाराने मला फोन करून विचारलं, की हे तात्पुरतं की कायमचं. मी त्याला म्हटलं, आधी मोजे घाल, मग बोलू. हे मी खरोखर म्हणालो नाही. पण मनात आलं, तेही मला नवीन आहे.

तुझी तिकिटं भावोजींनी काढली आहेत, हे त्यांनी मला कळवलं. ते मी तुला सांगायचं नव्हतं, हेही कळवलं. शनिवारी १ तारखेला दुपारी पोचाल. मी विमानतळावर येतो. सरबत करून आणतो, गार राहील.

एकच अडचण आहे. आईची खोली तशीच आहे. साडी खुर्चीवर, चष्मा टीव्हीवर, देव्हाऱ्याशी तुझी बाटली. गेले अकरा महिने मी दार लावून ठेवलं होतं, दर रविवारी उघडून केर काढायचा आणि पुन्हा लावायचं. तू कुठे झोपणार, तिथे की हॉलमध्ये, हे मला ठरवता येत नाही. त्यातलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं हेही. याचा नियम मी केलेला नाही. तू ये, दार उघड आणि काय वाटतं ते सांग.

पद्या